जोतिबाचा खेटा पहिल्यांदा घालताय? मग हे आधी वाचा

खेट्याला, म्हणजे कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर पायी जायच्या नेमाला, पहिल्यांदा निघालेला माणूस हमखास विचारतो, "डोंगर लई अवघड आहे का हो?" डोंगराचं एवढं काही नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, वाडी रत्नागिरीचा, म्हणजे जोतिबाच्या डोंगराचा, माथा ९५० मीटरच्या आसपास. चढायचं ते चारशेच मीटर, आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या टप्प्यात. माणसं मोडतात ती त्याच्या आधीच्या सपाट रस्त्यावर. शिवाजी पुलावरून गप्पा हाणत जवळजवळ पळतच सुटायचं, वडणग्यात दम लागायचा, कुशिऱ्याला तळवे पेटायचे आणि पायथ्याला यायला नऊ वाजायचे. त्यानंतरचा चढ पैलवानालाही जड जाईल.

म्हणून सगळा बेत एकाच हिशेबावर आखा: ऊन तापायच्या आत गायमुख, म्हणजे जिथून खरा चढ लागतो ते ठिकाण, मागं पडलं पाहिजे. निघायची वेळ, रात्रीचं जेवण, पाठीवरचं ओझं, कुठं किती टेकायचं, सगळं त्यावरून ठरतं.

कोणता रविवार धरावा

माघ पौर्णिमेच्या सुमारास खेटे सुरू होतात आणि ओळीनं पाच रविवार चालतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चचे दिवस. आख्यायिका अशी की, इथलं कार्य संपवून जोतिबा परत हिमालयाकडे निघाले, तेव्हा त्यांनी जाऊ नये म्हणून विनवायला अंबाबाई करवीरहून अनवाणी चालत डोंगरावर गेली. तीच रीत कोल्हापूरकर पाळतात. रविवार हा देवाचा वार, त्यामुळं तारीख-तिथीच्या भानगडीत न पडता रविवारचं गणित सोपं राहतं.

पाचही घालायचे की एकच, हा ज्याच्या त्याच्या नेमाचा प्रश्न. पण सलग दहा किलोमीटर चालायची सवय नसेल तर पहिला किंवा दुसरा रविवार धरा. फेब्रुवारीत पहाटे नदीकाठी चांगलाच गारवा असतो आणि चालायला त्यासारखं हवामान नाही. मार्चच्या मध्यापर्यंत हेच चित्र पालटतं, दहाच्या आतच डांबर चटके द्यायला लागतं. आणि चैत्र यात्रेशी याची गल्लत करू नका. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या (देवापुढं नाचवायच्या सजवलेल्या उंच काठ्या), हलगी-ढोल आणि अफाट गर्दी असते; तो सोहळा बघावा असाच आहे, पण स्वतःचे पाय अजमावायची ती जागा नव्हे.

वाट

पंचगंगा घाट, शिवाजी पूल, वडणगे, निगवे, कुशिरे, गायमुख आणि मग डोंगर. घाटापासून देवळापर्यंत साधारण १८ किलोमीटर. केर्लीवरून जाणारा रस्ता गाड्यांचा. त्या बाजूनं चालत जाणारेही असतात, पण पहिल्यांदा जाताना खेटेकऱ्यांच्या वाटेनंच जावं. रविवारी पहाटे पुढं-मागं माणसांची रांग असतेच, वाट चुकायचं भय जवळजवळ नाही.

किती राहिलं हे मात्र गावातल्या कुणाला विचारू नका. निगव्यात विचारलंत तरी "हे काय, आलंच की," आणि कुशिऱ्यात विचारलंत तरी "आलंच की". सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण तुमचं पाणी त्या हिशेबानं संपवू नका.

तीन आठवडे आधी

रंकाळा तलावाची एक फेरी चार किलोमीटरच्या आसपास पडते. पहिल्या आठवड्यात एक फेरी, आठवड्यातून चार दिवस. दुसऱ्या आठवड्यात दोन. तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी तीन फेऱ्या, त्याही पहाटे, त्याच चपला-बुटांत आणि तीच पिशवी पाठीला लावून. चढाच्या सरावाला टेंबलाईची टेकडी आहे. चार-पाच वेळा वर-खाली केलं की पोटऱ्यांना पुरतं. जिमच्या पट्ट्यावर चालणाऱ्यांनाही हे लागू आहे. पट्टा खड्डे दाखवत नाही.

साखर, रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी विचारा, आणि "चालू का?" एवढंच न विचारता "सहा तास चालू का, आणि त्या दिवशी गोळ्या कधी घेऊ?" असं नेमकं विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं हे आठवत नसेल तर तेही त्याच भेटीत निकालात काढा.

अनवाणी की पायात घालून

या एका गोष्टीवर घरोघरी वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: अनवाणी जाणं हा नेम आहे, शर्यत नाही. ज्याला झेपेल त्याने जावं, ज्याला नाही त्याने बूट घालून जावं, आणि दोघांनी एकमेकांच्या पायांकडे बघू नये.

मधुमेहामुळं ज्यांच्या तळव्यांची जाणीव कमी झाली आहे, त्यांनी अनवाणी अजिबात जाऊ नये. काटा रुतला तरी कळत नाही, कळतो तो चार दिवसांनी, चिघळल्यावर. बाकीच्यांना जायचं असेल तर तळवे तयार करावे लागतात. रोज पंधरा-वीस मिनिटं आधी फरशीवर, मग मातीवर, मग डांबरावर. टाचेला भेगा असतील तर रात्री कोकमाचं तेल लावून झोपा, पण निघायच्या सकाळी तेल नको. तेलकट तळव्याला बारीक खडी चिकटते आणि पुढचे दोन तास टोचत राहते. आणखी एक: आदल्या दिवशी हौसेनं वजरी घेऊन टाचा घासत बसू नका. घासून जी जाड कातडी काढाल, नेमकी तीच रस्त्यावर उपयोगाची असते.

रस्त्याच्या कडेला जिथं पांढरा पट्टा मारलेला आहे तिथं त्यावरून चाला. रंगामुळं तो गुळगुळीत असतो आणि उन्हात काळ्या डांबरापेक्षा बराच कमी तापतो. गावाबाहेर मातीची साइडपट्टी मऊ दिसते, पण अंधारात तिच्यावर उतरू नका. बाभळीचे काटे आणि उसाच्या पाचटाखाली लपलेली काच दोन्ही तिथंच असतात.

मधला मार्गही आहे, आणि पहिल्या वेळेला तो उत्तम: गायमुखापर्यंत बूट, तिथून वर अनवाणी. अनवाणीच निघालात तरी एक हलकी चप्पल पिशवीत असू द्या. ती वापरली म्हणून देव रागावत नाही.

बूट घालणाऱ्यांसाठी एकच नियम, जुने घाला. नवे बूट नकोत आणि नवी कापशी चप्पल तर नकोच नको. आपल्या गावची चप्पल कितीही देखणी असली तरी ती पायाला ओळखायला दोन महिने मागते. मोजे जाड सुती नकोत, घामानं भिजले की तेच फोड आणतात. पातळ, घाम लवकर सुकवणारे मोजे घ्या, एक जोड जादा ठेवा. नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री खोल कापलीत तर उतारावर अंगठा ठणकतो. मांड्या आणि काखेत घासतं त्या ठिकाणी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल लावा; लाजायचं कारण नाही, पाच तासांनी तुम्हीच शेजारच्याला सांगाल.

शनिवारची रात्र

कोल्हापुरात शनिवारी रात्री हलकं जेवा असं सांगणं म्हणजे धाडसच. तरी सांगतो. आमटी-भात, मऊ खिचडी, ताक, एवढंच. नेम असलेल्या घरात तांबडा-पांढरा रस्सा त्या रात्री तसाही शिजत नाही. नवाच्या आत जेवण, दहाच्या आत आडवं व्हायचं. झोप लागली नाही तरी पडून राहा.

पिशवी दोन-तीन किलोच्या वर जाऊ देऊ नका. तिच्यात काय हवं: एक लिटरची पाण्याची बाटली, मीठ-साखरेच्या पाण्याची दोन पाकिटं, केळी, राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की, गुळाचा खडा, छोटी बॅटरी, टॉवेल, जादा मोजे, चिकटपट्टी, सुई, चिमटा, रोजच्या गोळ्या, सुटे पैसे आणि एका कागदावर नाव व घरचा नंबर. मोबाईलची बॅटरी फोटो काढून आठ वाजताच संपते, म्हणून कागद. उपवास असेल तर भल्या पहाटे शाबूची खिचडी हादडून निघू नका, पोटात दगडासारखी बसते. खजूर आणि केळं बरं.

पहाटे चार ते सूर्योदय

चारला घाटावर. अंबाबाईचं दर्शन घेऊनच निघायचा नेम असेल तर आदल्या संध्याकाळी घ्या, नाहीतर पहाटे महाद्वारातूनच हात जोडा. देऊळ उघडायची वाट बघत बसलात तर तो अर्धा-पाऊण तास डोंगरावर उन्हात फेडावा लागतो. नदीला नमस्कार करून पूल ओलांडायचा.

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. इतका हळू की मागचे पुढं जाऊ लागतील. जाऊ द्या. गती योग्य आहे का हे ओळखायची खूण सोपी: चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "चांगभलं" एका दमात म्हणता येत नसेल तर तुम्ही पळताय. तासाला चार किलोमीटर ही खेट्याची चाल आहे, त्याहून जास्त नको.

वडणगे ते निगवे हा पट्टा उसाचा. हंगाम चालू असतो आणि पहाटेच्या अंधारात ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं निघालेले असतात. मागचा दिवा बहुतेकदा नसतोच, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही अंगांना हातभर बाहेर आलेला असतो. अख्ख्या दिवसातला खरा धोका हाच. रस्त्याच्या उजव्या कडेनं, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. अंगात पांढरा किंवा पिवळा सदरा, पिशवीच्या मागं चमकणारी पट्टी. शेजारी-शेजारी दोघांपेक्षा जास्त नकोत. ट्रॉली आली की कडेला थांबून तिला जाऊ द्या, तिच्याबरोबर चालू नका. आणि कानात गाणी नकोत.

पाणी तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. एका दमात अर्धी बाटली रिकामी केली तर पोट डचमळतं. दर तासाला पाच मिनिटं थांबा, पण बैठक मारू नका. पहिल्या तासानंतर बसलात तर उठताना गुडघे तक्रार करतात. उभ्यानं पोटऱ्या ताणा, बुटात खडा असेल तर तेव्हाच काढा. एका ठिकाणी चरचरतंय असं वाटलं की तिथं लगेच चिकटपट्टी लावा. फोड यायच्या आधी दोन मिनिटं जातात, आल्यावर दोन तास.

वडणग्यात महादेव-पार्वतीची देवळं आणि तलाव आहे. महाशिवरात्रीची यात्रा याच आठवड्यांत कधीतरी येते, तेव्हा गावात गर्दी धरून चला. वाटेवर चहा, केळी, सरबत वाटणारे भेटतात. घ्या, पण प्रत्येक ठिकाणी नको. पाच कप गोड चहा पोटात गेल्यावर चढावर काय होतं हे सांगायची गरज नसावी.

कुशिरे आणि गायमुख

चारला निघालात आणि चाल राखलीत तर सात वाजायच्या सुमारास कुशिऱ्यात असाल. फेब्रुवारीत सूर्य साधारण याच वेळेला वर येतो. तुम्ही वायव्येकडं चालताय, म्हणजे ऊन पाठीवर आणि मानेवर येणार. पुढं झाप असलेली टोपी इथं फारशी कामाची नाही. टॉवेल किंवा उपरणं डोक्यावरून मानेवर सोडा. इथं खाऊन घ्या: एक केळं, अर्धा लाडू, मीठ-साखरेचं पाणी. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजपंचे मूठभर मीठ टाकू नका.

याच अंगाला पोहाळ्याची प्राचीन लेणी आहेत. बघण्यासारखी आहेत, पण वेगळ्या दिवशी या. खेट्याच्या दिवशी तासाभराची वाकडी वाट महागात पडते.

गायमुखाला सगळे पाय धुतात. गार पाण्यात पाय सोडल्यावर जे वाटतं ते लिहून सांगता येणार नाही, पण चूकही नेमकी इथंच होते. माणसं ओल्या पायांनीच उठतात आणि चढायला लागतात. भिजलेली कातडी मऊ पडते, पाच मिनिटांत खडी रुतते किंवा मोज्यात फोड येतो. तेव्हा दोन मिनिटंच पाय बुडवा, टॉवेलनं बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करा, दगडावर बसून वारा लागू द्या, मग उठा. मोजे इथंच बदला. आधीच फोड आला असेल आणि तो लहान असेल तर फोडू नका, वरून पट्टी लावा. टपोरा आणि चालू देत नसेल तर सुई जाळावर धरून, गार झाल्यावर कडेनं टोचा, पाणी जाऊ द्या आणि वरची कातडी तशीच राखून पट्टी बांधा. मधुमेह असेल तर हाही उद्योग नको, सरळ वाहनानं वर जा.

चढ

इथं फक्त पावलं लहान करा. उंच पायरीवर पाय टाकायला गुडघ्यावर हात टेकून जोर लावण्यापेक्षा दोन छोटी पावलं बरी. शंभर पावलं चालायचं, दहा श्वास थांबायचं. या तालानं साठीच्या पुढच्या मावश्या तासाभरात वर पोहोचतात आणि विशीतली पोरं वाटेत धापा टाकत बसलेली असतात. लहान मुलांना "शर्यत लावू" म्हणू नका, ती खरंच लावतात.

छातीत दाबल्यासारखं होणं, डावा हात किंवा जबडा दुखणं, अंधारी येणं, बोलण्यात गोंधळ, घाम यायचाच बंद होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचं पाऊल टाकायचं नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान-काख-जांघेत ओली फडकी ठेवा आणि १०८ ला फोन लावा. "देवाच्या दारात काही होत नाही" असं म्हणणारा कुणीतरी भेटेलच. त्याचं ऐकू नका.

वर पोहोचल्यावर

साडेआठ-नऊला माथ्यावर असाल तर बेत जमला. अंग घामानं ओलं आणि वर वारा, तेव्हा आधी सदरा बदला. देवळात घाईघाईनं घुसू नका, पंधरा मिनिटं बसून पाणी प्या. रांगेत उभ्या उभ्या चक्कर येणारे बहुतेक जण चढून थेट रांगेत लागलेले असतात.

आजचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं. शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हे कुलदैवत, त्यामुळं काळ्या दगडातलं हे काम इतकं भक्कम. यमाईचं देऊळ थोडं बाजूला आहे, ते चुकवू नका. एकत्र आलेल्यांनी तिथंच भेटायचं असं आधी ठरवून ठेवा, कारण गर्दीत फोन लागेलच असं नाही.

गुलाल सगळीकडं असतो, हवेत, भिंतींवर, पायऱ्यांवर. पाणी किंवा नारळाचं पाणी सांडलेल्या पायरीवर तो गुलाल चिखलासारखा निसरडा होतो, आणि अनवाणी पाय तिथंच घसरतात. डोळ्यांत गेला तर चोळू नका, पाण्यानं धुवा. काँटॅक्ट लेन्स घालून येऊच नका, चष्मा बरा. दमेकऱ्यांनी नाकाला रुमाल आणि खिशात पंप ठेवावा. अंगातला सदरा परत पांढरा होईल ही आशा घरीच ठेवून या.

पुरणपोळीचा नैवेद्य करायचा असेल तर आपल्या घराण्याचे गुरव असतील त्यांना आठवडाभर आधी निरोप द्या. ऐनवेळी सांगितलं तर रविवारी त्यांचीही तारांबळ असते.

परतीला

चालत परत येणारेही आहेत आणि त्यांना नमस्कार. पहिल्यांदा आलेल्यानं मात्र एसटी किंवा वडाप (माणशी भाडं घेणारी खासगी गाडी) धरावी. उताराला गुडघ्यांवर चढापेक्षा जास्त भार येतो, वर दुपारचं ऊन आणि खाली तापलेलं डांबर. अकरानंतर गाड्यांना गर्दी वाढते, तेव्हा जेवण वर करायचं की घरी, हे आधीच ठरवा.

घरी आल्यावर कोमट पाण्यात मीठ टाकून पाय दहा मिनिटं बुडवा, कोरडे करा, तळवा उजेडात नीट तपासा. काटा राहिला असेल तर आत्ताच काढा, "उद्या बघू" म्हटलं की तो आत जातो. पाय भिंतीला टेकवून पंधरा मिनिटं पडा. रात्री पोटभर जेवा, शनिवारची कसर भरून निघते. सोमवारी पूर्ण आराम करू नका. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं की पोटऱ्या मोकळ्या होतात.

पुढचाही खेटा घालायचा असेल तर बुधवारी रंकाळ्यावर अर्धी फेरी मारून बघा. पाऊल सरळ पडत असेल तर रविवारी चला. लंगडत असाल, फोड ओला असेल किंवा गुडघ्याला सूज असेल तर वाहनानं गायमुखापर्यंत जा आणि तिथून पुढचं तेवढं चाला, पायात घालून.